क्रियापदांची वही घेऊन युद्धकादंबरी वाचताना

एक साधी शंभरपानी वही घ्या. प्रत्येक पानावर मधोमध उभी रेघ मारा. डावीकडे लिहा ‘कोण’, उजवीकडे लिहा ‘काय केलं’. युद्धावरची ऐतिहासिक कादंबरी पर्यावरण-स्त्रीवादाच्या नजरेनं, म्हणजे बाई आणि निसर्ग या दोघांवरच्या सत्तेकडे एकत्र बघत, वाचायची असेल, तर सुरुवात या वहीपासून करावी असं माझं ठाम मत आहे. सिद्धान्ताची पुस्तकं नंतर वाचली तरी चालतील.

हे मत कुठून आलं ते आधी सांगते. माझं माहेर सातारा जिल्ह्यात, अपशिंग्याच्या बाजूला. आमच्याकडे घरटी एक तरी माणूस फौजेत. आजोबा दुसऱ्या महायुद्धात इटलीत होते. तिथला बर्फ, खेचरं, डोंगर चढताना पडलेले सोबती, हे सगळं दर दिवाळीला ऐकत मी मोठी झाले. त्याच वर्षांत आजीनं दोन लहान मुलं, एक म्हातारी सासू आणि साडेतीन एकर जिराईत सांभाळली. ती कहाणी कुणी तिला विचारली नाही. मीही विचारली नाही. ती गेल्यावर माळ्यावरच्या डब्यात तिच्या पेरणीच्या गाठी सापडल्या. लिहिता येत नव्हतं म्हणून सुतळीला गाठी मारून तिनं बियाण्याचा हिशेब ठेवला होता. तेव्हापासून कुठलीही युद्धकथा हातात घेतली की आधी मनात येतं, या वेळी घरची पेरणी कोण करत होतं?

आमच्या वाचनगटात या नजरेनं वाचायला मी पहिली कादंबरी निवडली ती चार्ल्स फ्रेझियर यांची ‘कोल्ड माउंटन’. ती 1997 साली आली आणि त्याच वर्षी तिला अमेरिकेचा नॅशनल बुक अवॉर्ड मिळाला. काळ अमेरिकन यादवी युद्धाचा, म्हणजे उत्तर आणि दक्षिण राज्यांमधल्या लढाईचा, 1864 चा. ठिकाण उत्तर कॅरोलायनाचे डोंगर. इनमन हा दक्षिणेच्या बाजूचा सैनिक मानेला जखम होऊन इस्पितळात पडला आहे. एके रात्री तो खिडकीतून निघतो आणि शेकडो मैल पायी घराकडे चालत सुटतो. तिकडे ब्लॅक कोव्ह नावाच्या शेतावर त्याची प्रेयसी एडा आहे. चार्ल्सटन शहरात वाढलेली, पियानो, फ्रेंच, लॅटिन आणि चित्रकला येणारी. वडील वारल्यावर ती एकटी उपाशी राहायला लागते, कारण जेवण कसं उगवतं हे तिला ठाऊक नाही. मग रूबी येते. तिला शाळेचा गंध नाही, पण डोंगराची खडान्‌खडा माहिती आहे. एक प्रकरण इनमनचं, एक एडाचं, अशी कादंबरी पुढे जाते.

पहिल्या वाचनात कथेत खुशाल वाहून जा. वही दुसऱ्या वाचनात उघडायची, आणि तेव्हा सगळ्यात आधी एडाची प्रकरणं घ्यायची. बहुतेक वाचक इनमनच्या मागे धावतात, कारण त्याच्या वाटेवर बंदुका आहेत, पाठलाग आहे. शेतावरचे भाग ‘संथ’ म्हणून चाळले जातात. माझा अनुभव असा की सगळा ऐवज त्याच संथ भागांत आहे.

तिथे एका प्रकरणाच्या शीर्षकातच ‘क्रियापदं’ हा शब्द आहे, आणि ती सगळी दमवणारी आहेत असं लेखक म्हणतो. रूबी रोज कामांची यादी बोलून दाखवते आणि एडाला ते बोलणं म्हणजे नुसती क्रियापदांची रांग वाटते: नांगरायचं, पेरायचं, खुरपायचं, कापायचं, भरून ठेवायचं, खायला घालायचं, मारायचं. माझ्या वहीची कल्पना याच वाक्यावरून सुचली. ही रांग उतरवून काढा आणि शेजारच्या पानावर त्याच काळातली इनमनच्या वाटेवरची क्रियापदं लिहा. चालणे, लपणे, झटापट करणे, गोळी घालणे, आठवणे. दोन्ही पानं समोरासमोर ठेवली की लढाईला लागणारं धान्य, कातडं, लोकर आणि माणसंसुद्धा कुठल्या पानावरच्या कामातून येतात ते सिद्धान्ताविना दिसतं.

सिद्धान्त थोडक्यात सांगते. ‘इकोफेमिनिझम’, म्हणजेच पर्यावरण-स्त्रीवाद, या शब्दाचा उगम फ्रँसवाज द’ओबोन या फ्रेंच लेखिकेच्या 1974 च्या पुस्तकात मानतात. बाईवर सत्ता गाजवणारी आणि जमीन, पाणी, जनावरं ओरबाडणारी व्यवस्था एकाच मुळावर उभी आहे, हा त्याचा गाभा. आपल्याकडे वंदना शिवांनी चिपकोच्या अनुभवातून तो मांडला. बीना अग्रवाल यांनी 1992 मध्ये त्याला महत्त्वाचा आक्षेप घेतला: बाई निसर्गाच्या जवळ असते ती जन्मजात ओढीनं नाही. सरपण, पाणी, चारा आणण्याचं काम तिच्या वाट्याला आलेलं असतं म्हणून ती जवळ असते, आणि ते काम जात, वर्ग, जमिनीची मालकी यांनुसार बदलतं. वाचताना मी अग्रवालांचा हा आक्षेप सतत जवळ ठेवते. नाहीतर आपण ‘बाई म्हणजे धरणीमाता’ या जुन्या आरतीकडे घसरतो, आणि मग कादंबरीतल्या बाईच्या हाताला आलेले फोड दिसत नाहीत.

आता कोंबड्याचा प्रसंग. एडा अंडी शोधत अंगणातल्या झुडपात शिरते. तिथे पिवळसर-काळा कोंबडा तिच्या तोंडावर झेप घेतो, नख्यांनी ओरबाडतो. ती पळते. स्वतःच्या अंगणात ती एका कोंबड्याला भिऊन राहते आहे. पुढे रूबी येते, एडा तिला त्या कोंबड्याबद्दल सांगते, आणि रूबी जाऊन एका हिसक्यात त्याची मान पिरगाळते. त्याच संध्याकाळी तो पातेल्यात शिजतो. आमच्या गटात यावर बरीच चर्चा झाली. एक प्राध्यापिका म्हणाल्या, ही तर हिंसा, यात निसर्गप्रेम कुठे आहे? मला उत्तर सुचेना. शेवटी आम्ही वही पाहिली. एडाच्या नावापुढे होतं ‘घाबरली’, रूबीच्या नावापुढे ‘मारला, सोलला, शिजवला, वाढला’. रूबीचा निसर्ग चित्रातला नाही, तो ताटातला आहे. आपण जे खातो त्याच्या मरणाची जबाबदारी तिनं स्वतःच्या हातावर घेतली आहे. या नजरेनं वाचताना गोड निसर्गवर्णनांना फार भुलू नका. मारण्याचे प्रसंग शोधा आणि प्रत्येक वेळी तीन प्रश्न विचारा: कोणी मारलं, कशासाठी, आणि मांस कोणाच्या पोटात गेलं?

हे तीन प्रश्न घेऊन कादंबरीतली तीन जनावरं शेजारी शेजारी ठेवा.

पहिली शेळी. डोंगरात एकटी राहणारी एक म्हातारी इनमनला आसरा देते. म्हाताऱ्या नवऱ्यानं आधीच्या बायका कामानं झिजवून मारल्या होत्या. आपलाही नंबर तसाच लागणार हे ओळखून ती पळाली आणि सव्वीस वर्षं शेळ्यांबरोबर राहते आहे. ती एका लहान शेळीला मांडीशी घेते, गोंजारते, आणि गोंजारता गोंजारताच गळ्यावर सुरी फिरवते. मी गटात म्हणाले, बघा किती माया. तेव्हा आयुष्यभर शेळ्या पाळलेल्या एक मावशी म्हणाल्या, “माया असंल, पण भ्यालेली शेळी आवरत नाही बाई. गोंजारावंच लागतं.” त्या वाक्यानं माझं वाचन सुधारलं. त्या प्रसंगात माया आणि कसब वेगळं काढताच येत नाही, आणि लेखकानंही ते वेगळं केलेलं नाही. जनावरं सांभाळलेलं माणूस गटात असेल तर अशा पानांवर आधी त्याला बोलू द्या.

दुसरं डुकर. सेरा ही अठरा वर्षांची विधवा, नवरा युद्धात गेला, कुशीत तान्हं बाळ. हिवाळा काढायला तिच्याकडे एक डुकर आणि थोड्या कोंबड्या. उत्तरेकडचे तीन सैनिक येतात, तिला बांधतात, बाळाला गार जमिनीवर ठेवतात आणि डुकर-कोंबड्या घेऊन जातात. इनमन त्यांच्या मागावर जाऊन तिघांनाही मारतो आणि डुकर परत आणतो. दुसऱ्या दिवशी दोघं मिळून ते डुकर कापतात, चरबी कढवतात. इथे लढाईचा नकाशा काहीच सांगत नाही. सेराच्या दृष्टीनं शत्रू म्हणजे जो तिचा हिवाळा उचलून नेतो तो, मग त्याचा गणवेश कुठल्याही रंगाचा असो. आणि घर वाचवायला आलेला पुरुषही मारूनच वाचवतो, हेही वहीत लिहायचं राहू देऊ नका.

तिसरं अस्वल. आपण कधी अस्वल मारणार नाही असं इनमननं स्वतःशी ठरवलेलं आहे. कड्यावर एक अस्वलीण त्याच्यावर धावून येते, तो बाजूला होतो आणि ती कड्यावरून खाली कोसळते. वर तिचं पिल्लू रडत राहतं. आईविना ते जगणार नाही म्हणून तो त्याला गोळी घालतो आणि खातो. खाताना त्याच्या मनात येतं की सात महापापांत आणखी एक घालायला हवं, पश्चात्तापाचं. सेराचं तान्हं आणि हे पिल्लू या दोघांची पानं मी पेन्सिलीनं जोडून ठेवली आहेत. युद्धात आई आणि पिल्लू यांची ताटातूट होते ती माणसाची आणि अस्वलाची वेगवेगळी मोजून चालत नाही. इनमनलाही हे कळतं, म्हणून तो मला आवडतो. या नजरेनं वाचणं म्हणजे पुरुष पात्रांना आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करणं नव्हे.

यानंतर सातबाऱ्याचा प्रश्न. आपल्याकडे शेतकरी संघटनेनं लक्ष्मीमुक्तीच्या कार्यक्रमात बायकांच्या नावावर जमीन करा असं गावोगाव सांगितलं, कारण राबणारे हात एकाचे आणि उताऱ्यावर नाव दुसऱ्याचं हे दुखणं जुनं. तोच प्रश्न ब्लॅक कोव्हला लावा. शेत एडाला वडिलांकडून मिळालं. राबण्याची अक्कल रूबीची. मग रूबी कोण, मोलकरीण? ती पहिल्याच दिवशी अट घालते: मी चाकर म्हणून येणार नाही, आणि ज्यानं त्यानं आपलं रात्रीचं भांडं आपण रिकामं करायचं. माझ्यासाठी अख्ख्या कादंबरीतलं सगळ्यात क्रांतिकारक वाक्य हे. दोघीजणी एकाच टेबलावर जेवतात. एडाचा पियानो जातो आणि बदल्यात डुकरीण, तिचं पिल्लू, मक्याची भरड आणि मेंढ्या येतात. तरी कागदावर शेत एडाचंच. हे न्यायाचं आहे का, यावर गटात एक अख्खी बैठक खर्च करा, वाया जाणार नाही.

त्याच्याही आधी ही जमीन कोणाची होती? शेवटाकडे एडा, रूबी आणि इनमन एकत्र येतात ते चेरोकी लोकांच्या ओस पडलेल्या वस्तीत. 1838 साली सरकारी सैन्यानं हजारो चेरोकींना या डोंगरांतून पश्चिमेकडे हाकललं. त्या वाटेवर सुमारे चार हजार माणसं मेली असं मानलं जातं. दोन प्रेमी जीवांना ऊब देणारी ती झोपडी कोणाच्या तरी हाकलून दिलेल्या संसाराची आहे. पहिल्या वाचनात मी तिथे फक्त बर्फ आणि शेकोटी पाहिली होती. दुसऱ्या वाचनात त्या पानावर बराच वेळ थांबले.

वहीच्या शेवटच्या काही पानांवर ‘नाव नाही’ असा मथळा द्या. इनमनला एक गुलाम माणूस धान्याच्या कोठारात लपवतो, खाऊ घालतो आणि पुढच्या वाटेचा नकाशा हातानं काढून देतो. पुस्तकात त्याचं नाव नाही. हे युद्ध गुलामगिरीवरून पेटलं होतं, आणि तरी या कादंबरीत गुलामांचं जगणं अगदी कडेला आहे. मला कादंबरी मनापासून प्रिय आहे, म्हणूनच ही उणीव स्पष्ट लिहिते. बाई आणि जमीन यांच्याकडे बघता बघता ज्यांना जमिनीसारखंच विकत घेतलं जात होतं त्यांच्यावरून नजर सरकली, तर ही नजर अपुरी आहे.

एक जोडी मात्र आवर्जून शोधा: छापील ज्ञान आणि तोंडी ज्ञान. इनमन सोबत एक गुंडाळी केलेलं जुनं पुस्तक बाळगतो, विल्यम बार्ट्रम या निसर्गअभ्यासकाचं, 1791 मध्ये छापलेलं प्रवासवर्णन. झोप येत नाही तेव्हा तो त्यातली झाडं आणि डोंगर वाचून शांत होतो. रूबीला लिहितावाचता येत नाही. बाप महिनोन्‌महिने तिला एकटं सोडून जायचा, म्हणून ती म्हाताऱ्या बायकांना विचारत आणि जनावरांकडे बघत शिकली. बार्ट्रमचं ज्ञान पुस्तकात राहिलं. रूबीचं ज्ञान एडाच्या हातात उतरतं. हळूहळू एडाला पानांच्या सळसळीवरून झाड ओळखता यायला लागतं, आणि संध्याकाळी ती रूबीला होमर वाचून दाखवते. देवघेव दोन्हीकडून आहे. माझ्या आजीच्या सुतळीच्या गाठी वाचणारं माणूस आता कोणी उरलेलं नाही, म्हणून ही जोडी माझ्या फार आत लागते.

कादंबरीबाहेरचा इतिहास कितपत बघावा? थोडाच, पण नेमका. दक्षिणेच्या सरकारनं एप्रिल 1862 मध्ये सक्तीची सैन्यभरती आणली आणि एप्रिल 1863 मध्ये शेतमालाचा दहावा हिस्सा कर म्हणून घ्यायला सुरुवात केली. म्हणजे शेतावरून आधी हात गेले आणि मग धान्य. मार्च 1863 मध्ये उत्तर कॅरोलायनातल्याच सॉल्सबरी गावात सैनिकांच्या बायका कुऱ्हाडी घेऊन दुकानांवर गेल्या आणि पीठ घेऊन आल्या. एवढं माहीत असलं की एडाच्या रिकाम्या कोठीकडे एकट्या मुलीची अडचण म्हणून बघता येत नाही.

इतिहासाबरोबर झाडांकडेही बघा. त्या डोंगरांत तेव्हा अमेरिकन चेस्टनटची राने होती, त्यांच्या फळांवर डुकरं पोसली जात. विसाव्या शतकाच्या सुरुवातीला आलेल्या बुरशीनं ती राने मारली, कोट्यवधी झाडं गेली. 1864 च्या पानांवरचा डोंगर आज तिथे जाऊनही दिसणार नाही. 2003 चा चित्रपट बघायचा तर बघा, रूबीची भूमिका करणाऱ्या अभिनेत्रीला त्यासाठी ऑस्कर मिळालं आणि ते योग्यच होतं. पण त्यातले बरेचसे डोंगर रोमानियाचे आहेत. ज्या कादंबरीत डोंगरच पात्र आहे तिच्यासाठी पुस्तकाकडेच परत यावं लागतं.

धरणीमातेकडे घसरू नका असं वर म्हटलं, त्याची एक कसोटी सांगते. एका रात्री इनमनला वाटेत एक पाद्री भेटतो. आपल्यापासून गरोदर राहिलेल्या बाईला गुंगीचं औषध देऊन तो दरीत टाकायला निघालेला असतो. इनमन त्याला अडवतो. त्या पाद्र्याच्या लेखी बाई आणि दरी दोन्ही सारख्याच: नकोसं झालेलं टाकायच्या जागा. बाई आणि निसर्ग यांची अशी सांगड कादंबरीत कुठेही दिसली की ती घालतंय कोण ते तपासा. रूबी अशी सांगड घालत नाही, तिला वेळच नाही. ती घालतो तो पाद्री, ती घालतात धान्य न्यायला आलेले लोक. पात्राची नजर आणि लेखकाची नजर वेगळी करायला शिकलात की निम्मं काम झालं.

गटात वाचणार असाल तर एका बैठकीला दोन प्रकरणांहून जास्त घेऊ नका, आणि प्रत्येकीनं आपली वही मोठ्यानं वाचावी. नुसती क्रियापदं, मतं नकोत. मतं आपोआप येतात. आमच्याकडे एकदा एक सून आपली यादी वाचता वाचता थांबली आणि म्हणाली, यातली अकरा मी आज सकाळीच करून आले.

शेवटचा भाग 1874 चा आहे, युद्ध संपून नऊ वर्षं झालेली. इनमन नाही, घरी परतण्याच्या वाटेवरच एका पोरसवदा शिपायाच्या गोळीनं तो गेला. त्याची आणि एडाची मुलगी आहे. रूबीला नवरा आहे, तीन मुलगे आहेत. एडाच्या एका बोटाचं टोक नाही, लाकडं ओढताना साखळीत तुटलं. हे वाक्य भरकन वाचून पुढे जाऊ नका. कादंबरीच्या सुरुवातीला हीच बोटं पियानोवर होती. एडा शेकोटीजवळ एका वृद्ध जोडप्याची गोष्ट वाचते, मरताना दोन झाडं झालेल्या. मग पोरांना झोपवायचं, निखारे झाकायचे, दाराच्या कडीची दोरी आत ओढून घ्यायची. कादंबरी तिथे थांबते.

माझ्या वहीत शेवटच्या पानावर डावीकडे एडाचं नाव आहे आणि उजवीकडे ही तीन कामं. त्याखाली मी आजीचं नाव लिहिलं. तीही रात्री सगळ्यांत शेवटी उठायची, चुलीतले निखारे राखेखाली ओढायची आणि मग दाराला अडसर घालायची. सकाळी त्याच राखेतून विस्तव निघायचा, काडी ओढावी लागत नसे.